पोटातला गोळा

कडेवाडीच्या शाळेतला तिसरीचा वर्ग एवढा शहाण्यासारखा वागायला लागला, की वर्गशिक्षिका रेश्मा तोडकरला सुरुवातीला आपण चुकून दुसऱ्याच शाळेत आलो की काय असं वाटायचं. वर्ग म्हटला की कुणाची तरी पेन्सिल पळवलेली असते, मागच्या बाकावर कुणीतरी रडत असतं आणि पुढचा ‘बाई, हा रडायलाय’ म्हणून त्याच्याहून मोठ्यानं ओरडत असतो. यालाच वर्ग म्हणतात. आता मात्र दार उघडून आत जावं तर सगळी पोरं जागेवर, हात बाकावर, आणि भिंतीवरच्या पडद्यावर सगळे ठिपके हिरवेगार.

ही करामत ‘निवांत’ची. त्या वर्षी सरकारनं प्राथमिक शाळांतून ‘निवांत’ वाटलं होतं. दिसायला म्हणाल तर कानाच्या वाटीत बसणारा शेंगदाण्याएवढा चिमटा. पोरांनी दुसऱ्याच दिवशी त्याचं नाव कुडी करून टाकलं. मग बायांनी, मास्तरांनी आणि शेवटी तालुक्याच्या साहेबांनीही मुकाट्यानं तेच नाव उचललं.

ही कुडी करते काय, ते जरा नीट सांगायला हवं, कारण पुढचं सगळं रामायण तिच्यापासूनच सुरू झालं. माणूस घाबरला की ते आधी त्याच्या अंगाला कळतं आणि मग मनाला. तळव्यांना घाम सुटतो, छाती धडधडते, श्वास वरच्यावर चालतो, आतडी आखडतात. आपण म्हणतो, पोटात गोळा आला. कुडी कानाच्या कातडीतून नाडीचे ठोके मोजते आणि घामानं कातडी किती ओलावली तेही बघते. दोन ठोक्यांमधलं अंतर बदललं की तिला कळतं, पोर बिथरलंय. मग ती औषध देत नाही की बोलत नाही. मेंदूतून निघून हृदय, फुफ्फुसं आणि पोटापर्यंत फिरत जाणारा व्हेगस नावाचा एक मज्जातंतू आपल्या अंगात आहे. ‘झालं, आता शांत हो’ हे सगळ्या अंगाला सांगायचं काम त्याचं. त्याची एक बारीक फांदी नेमकी कानाच्या वाटीत, कातडीच्या अगदी जवळ येते. कुडी तिथं मुंगी चालल्यासारखे विजेचे हलके ठोके देते. जरा वेळात छाती संथ होते, श्वास खाली उतरतो आणि वर्गाच्या पडद्यावरचा त्या पोराचा पिवळा पडलेला ठिपका पुन्हा हिरवा होतो.

किती सोपं काम. पोराला जवळ घ्यायला नको, काय झालं म्हणून विचारायला नको.

रेश्माला कुडी आधीपासून खटकत होती असं मात्र कुणी समजू नये. गावातली कुडीची पहिली भक्त तीच. तिची लेक रेवा तिच्याच वर्गात होती. घरी आई आणि शाळेत बाई, हा दोघींचा करार रेवा चुकूनसुद्धा मोडायची नाही. पण पोर जात्याच भित्री. सकाळी दप्तर खांद्याला लावलं की तिला उलटी व्हायची. डॉक्टर करून झाले, दृष्ट काढून झाली, तालुक्याच्या समुपदेशक बाईंकडे खेटे घालून झाले. रेश्मा स्वतः शिक्षिका, आणि स्वतःची लेक शाळेच्या फाटकाशी थरथर कापते, हे तिला फार लागायचं. कुडी आली आणि आठवड्याभरात रेवा पोटभर खाऊन, गाणं गुणगुणत शाळेत आली. रेश्माचा नवरा धैर्यशील रोपवाटिका चालवायचा. नावातच धैर्य असलेल्याच्या घरात असली भागूबाई कशी, म्हणून गावानं त्याला कमी चिडवलं नव्हतं. त्या दिवशी तो मोरीत जाऊन नळ सोडून रडला.

आता रेश्माच्या गुरुवारच्या तासाबद्दल. सरकारी कागदावर त्याचं नाव ‘वैयक्तिक, सामाजिक व आरोग्य शिक्षण’, आणि पोरांच्या तोंडी ‘माझा तास’. दात कसे घासायचे इथपासून रुसलेल्या मैत्रिणीशी बोलायचं कसं इथपर्यंत सगळं त्यात यायचं. बहुतेक शाळांत हा तास गणिताला बळी जातो. रेश्मा तो कुणाला द्यायची नाही. तिचे दोन धडे पोरांना पाठ असायचे. एक, दुसऱ्याच्या अंगाला हात लावायचा तर आधी विचारायचं, मग ती आई असो, आजी असो नाहीतर बाई. आणि दुसरा, पोटातला गोळा.

“गोळा वाईट नसतो,” ती सांगायची. “तो आपला राखणदार आहे. काहीतरी बरं नाही, हे डोक्याच्या आधी पोटाला कळतं. गोळा आला की काय करायचं?”

“नको म्हणायचं,” पोरं ओरडायची. “तिथनं निघायचं. आपल्या माणसाला सांगायचं.”

या धड्याची परीक्षा कागदावर नसायची. दिवाळीची सुट्टी संपली की रेश्मा जीपचा खेळ लावायची. तिच्या माहेरचा जालिंदर नावाचा मिशाळ जीपवाला, ज्याला तिसरीतल्या एकाही पोरानं पाहिलेलं नसायचं, तो शाळा सुटताना फाटकाशी जीप लावायचा. पालकांना आधी कल्पना दिलेली असायची, पोरांना नाही. जालिंदर हाक मारायचा, “तुमच्या बाईंनी पाठवलंय. बसा गाडीत, घरी सोडतो.” आणि मग काय गोंधळ उडायचा म्हणता. एका पोरीनं त्याच्या तोंडावर मूठभर माती फेकली होती. एका पोरानं मनगटाला असा चावा घेतला होता, की तो वण जालिंदर लग्नाकार्यात बाही वर करून लोकांना कौतुकानं दाखवायचा.

यंदाही जीप आली. रेश्मा ऑफिसच्या खिडकीआड उभी होती आणि तिच्या मोबाइलवर वर्गाचे ठिपके दिसत होते. जालिंदरनं हाक मारली तशी पोरं थबकली. ठिपके पिवळे झाले. “शाब्बास,” रेश्मा स्वतःशीच म्हणाली.

मग एक ठिपका हिरवा झाला. त्याच्यामागून दुसरा. आणि विराज, वर्गातला सगळ्यात वांड पोरगा, दप्तर सावरत जीपमध्ये चढला. त्याच्यामागे शाहीन चढली. मग एकेक करून सगळी चढली, ढकलाढकली नाही, आरडाओरडा नाही. सगळ्यात शेवटी रेवा पुढच्या सीटवर जालिंदरच्या शेजारी बसली आणि तिनं स्वतःच्या हातानं दार ओढून घेतलं.

रेश्मा धावत फाटकाशी पोचली तेव्हा जालिंदर जीपमधून उतरून बाजूला उभा होता. त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला होता.

“ताई,” तो म्हणाला, “म्या नुसतं चला म्हटलं आन् बसली की समदी. कोन तुमी, कुटलं, कुनी इचारलंसुदिक न्हाई.” त्यानं किल्ली खिशात घातली. “मला परत ह्या कामाला बोलवू नका. माज्या जागी दुसरा असता तर?”

घरी जाताना रेश्मानं रेवाचा हात घट्ट धरला होता.

“रेवा, तो माणूस ओळखीचा होता का तुझ्या?”

“न्हाई.”

“मग गोळा नाही आला पोटात?”

“आला होता की,” रेवा सहज म्हणाली. “मग कुडी गुणगुणली आणि गेला. गोळा गेल्यावर कशाला नको म्हणायचं?”

बरोबरच होतं पोरीचं. रेश्मानंच शिकवलं होतं, गोळा आला की नको म्हणायचं. गोळाच टिकत नसेल तर नको यायचं कुठून? राखणदार ओरडायला उठला की कुणीतरी त्याच्या तोंडावर हात ठेवत होतं, आणि ते कुणीतरी तिनं हौसेनं आपल्या लेकीच्या कानात बसवलं होतं. रेश्मा रस्त्याकडेच्या दगडावर बसली आणि रेवा शांतपणे शेजारी उभी राहिली. आईला काय होतंय हेही तिनं विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी रेश्मा तालुक्याला गेली. गटशिक्षणाधिकारी पिंगळे साहेब माणूस वाईट नव्हते. त्यांनी चहा मागवला आणि सगळं ऐकून घेतलं.

“बाई, तुमचा मुद्दा मला समजतो,” ते म्हणाले. “पण शाळेतली मारामारी थांबली. पोरं शाळा सोडत नाहीत. पहिलीतली पोरं आईच्या पदराला धरून रडत नाहीत. हे सगळं मी एका जीपवाल्यापायी बंद करू?”

“पोरं रडत नाहीत, कारण त्यांना रडू येऊच देत नाही आपण.”

“मग रडवायचं का?” साहेबांनी कप खाली ठेवला. “हे बघा, असले घाबरवायचे प्रयोग आता नकोत. ‘निवांत’च्या डॉक्टर बर्वे मॅडम पुढच्या महिन्यात येतायत. तुमची शाळा नमुना म्हणून दाखवणार आहोत आपण. आदर्श पाठ तुम्हीच घ्यायचा, ‘माझा तास’. सगळा जिल्हा बघेल. फक्त पडदा हिरवा राहू दे, एवढं बघा.”

रेश्मा बरं म्हणाली नाही आणि नाहीही म्हणाली नाही. उठून आली.

त्या गुरुवारी तिनं खडूचा रिकामा डबा टेबलावर ठेवला आणि पोरांना सांगितलं, या तासापुरत्या कुड्या यात ठेवायच्या. पालकांना तिनं आधीच गाठून विचारलं होतं. जीपचं ऐकून बहुतेकांनी मान डोलावली होती. पोरांनी कुड्या काढल्या आणि वर्गात हलकल्लोळ माजला. कित्येक महिन्यांचं साचलेलं सगळं बाहेर आलं म्हणा ना. विराजनं दोघांना बदडलं. एक पोरगी आजोबा गेल्याचं आठवून हमसून हमसून रडली, आणि आजोबा जाऊन दोन-तीन महिने तरी झाले होते. कुड्या कानात नसल्या तरी वर्गातला कॅमेरा चेहरे बघून अंदाज बांधायचा, त्यामुळे पडदा लालभडक. शेजारचे मास्तर डोकावून गेले. घसा बसेपर्यंत रेश्मा या बाकावरून त्या बाकावर फिरली, आणि तास संपला तेव्हा घामाघूम झालेल्या त्या वर्गाकडे बघून तिला बऱ्याच दिवसांनी घरी आल्यासारखं वाटलं.

तेवढ्यात शाहीननं हात वर केला. “बाई, रेवाची कुडी का नाही काढली?”

सगळा वर्ग रेवाकडे बघायला लागला. लाल पडद्यावर तिचा एकटीचा ठिपका हिरवा होता.

रेश्मा डब्याचं झाकण शोधायला लागली. कारण खरं उत्तर घरी होतं. आदल्या दिवशी तिनं विषय काढला तेव्हा धैर्यशील जेवता जेवता थांबला होता.

“गावच्या पोरांचं तुला काय करायचं ते कर,” तो म्हणाला होता. “माझ्या लेकीच्या कानाला हात लावायचा नाही. तुझ्या धड्यापायी ती परत रोज उलट्या करणार? तू विसरलीस, मी नाही विसरलो. तिला फाटकाशी सोडून मी रोपवाटिकेत जायचो आणि दुपारपर्यंत माझे हात कापायचे.”

“आणि ती उद्या कुणाच्याही गाडीत बसली तर?”

“मी नेऊन सोडीन. मी आणीन.”

“जन्मभर?”

“हो, जन्मभर,” धैर्यशील म्हणाला, आणि ताट तसंच ठेवून उठला.

त्यानंतर घरात दोघांचं कामापुरतंच बोलणं चाललं होतं. आणि खरं सांगायचं तर रेश्माही मनातून त्याच्याच बाजूची होती. दुसऱ्याच्या पोरांच्या कुड्या डब्यात घेताना तिचा हात अडला नव्हता. रेवाच्या कानाशी गेला की अडायचा. बाईला जे पटलं होतं ते आईला पेलत नव्हतं. पुढच्या गुरुवारीही तिनं रेवाला तसंच राहू दिलं, आणि शाहीनच्या डोळ्यांकडे बघायचं टाळलं.

दोन गुरुवार लाल गेल्यावर तालुक्यातून फोन आला. हे काय चाललंय, म्हणून साहेबांनी विचारलं. रेश्मानं सरळ सांगून टाकलं. “आदर्श पाठाला असं झालं, तर मला कारवाई करावी लागेल,” साहेब म्हणाले. रेश्मा म्हणाली, “करा.”

पाहुणे आले त्या दिवशी शाळेला झेंडूची तोरणं बांधली होती. वर्गाच्या मागे खुर्च्या मांडून पिंगळे साहेब, डॉक्टर केतकी बर्वे आणि जिल्ह्याची चार माणसं बसली होती. शाळेच्या समितीवर असल्यामुळे धैर्यशील दाराशी उभा होता. सगळं चित्रण होऊन जिल्हाभर दिसणार होतं. बर्वे बाई साध्या होत्या, केस पिकलेल्या. त्यांनी आल्या आल्या पोरांशी गप्पा मारल्या होत्या, आणि स्वतःच्या आजारी भावासाठी आपण हे यंत्र कसं बनवायला घेतलं तेही सांगितलं होतं. रेश्माला त्यांचा राग करायचा होता. तो नीटसा येईना.

“सुरू करा बाई,” साहेब म्हणाले.

रेश्मानं सुरू केलं ते पाहुण्यांकडे वळूनच. “मॅडम, एक विचारू? गणिताचं उत्तर येत नाही म्हणून पोरगं घाबरलं, आणि अनोळखी माणूस हात धरून ओढतोय म्हणून घाबरलं. तुमच्या यंत्राला यातला फरक कळतो?”

“नाही,” बर्वे बाई म्हणाल्या. “छाती दोन्हीकडे तशीच धडधडते. का धडधडते ते यंत्राला कळायचा मार्ग नाही.”

“आम्हाला विचारता येतं,” रेश्मा म्हणाली. मग तिनं खडूचा डबा टेबलावर ठेवला. पोरांना सांगावं लागलं नाही. उठून एकेकानं कुडी त्यात टाकली आणि पडद्यावरचे ठिपके विझत गेले. पडदा मात्र गप्प बसला नाही. कॅमेऱ्यानं चेहरे बघितले, आणि लालसर रंग चढायला लागला.

पिंगळे साहेब उठले. “बाळांनो, कुड्या परत घाला बरं. पाहुणे आलेत ना?” आवाज गोडच होता. पण माणूस मोठा, खांद्यावर शाल, मागे चित्रण करणारा. पोरं रेश्माकडे बघायला लागली.

“माझ्याकडे बघू नका,” रेश्मा म्हणाली. “पोटाला विचारा.”

विराज उभा राहिला. त्याचे कान लाल झाले होते.

“नको, सर,” तो म्हणाला.

“का रे?”

“नको म्हणजे नको. तुमी आमच्याशी पहिल्यांदाच बोलताय. मला गोळा आलाय.”

“मलापण नको,” शाहीन म्हणाली. मग मागच्या बाकावरून एक नको आलं, खिडकीकडून एक आलं. कुणी रडत रडत म्हणालं, कुणी फिदीफिदी हसत. साहेबांच्या तोंडावर इतकी नको यापूर्वी कुणी एकगठ्ठा मारली नसतील. पडदा लाल झाला आणि लालच राहिला.

त्या सगळ्यात एकच ठिपका हिरवा होता. रेवा डब्यापाशी गेलीच नव्हती. ती उठली तेव्हा रेश्माला वाटलं, ही बाहेर चालली. पण ती टेबलापाशी आली, कानातली कुडी काढून तिनं डब्यात टाकली आणि जागेवर जाऊन बसली.

क्षणभर काही झालं नाही. मग रेवाचा श्वास चढायला लागला. ओठ पांढरे पडले, हात बाकाच्या कडेला आवळले गेले. महिन्यांमागे महिने दाबून ठेवलेलं सगळं त्या एवढ्याशा जिवाला एकदम भेटायला आलं. बर्वे बाई ताडकन उठल्या. “त्या मुलीला घाला. बाकीचं नंतर बघू. तिला खरंच गरज आहे.” आणि त्या मनापासून बोलत होत्या.

“रेश्मा,” दारातून धैर्यशीलचा आवाज आला, “घाल तिला.”

आणि रेश्मा हरली. सांगायला लाज कसली, कुठलीही आई हरली असती. डब्यात हात घालून तिनं एक कुडी उचलली, लेकीच्या बाकापाशी गुडघ्यावर बसली आणि तिच्या कानाकडे हात नेला.

रेवानं मान मागे घेतली. दातावर दात वाजत होते, तरी शब्द स्पष्ट आले.

“नको. आधी विचारायचं, बाई.”

रेश्माचा हात हवेत तसाच राहिला. आपलाच धडा आपल्याच लेकीनं आपल्याला, सगळ्या जिल्ह्यासमोर ऐकवला, हे तिच्या ध्यानात यायला जरा वेळ लागला. आलं तेव्हा तिचे डोळे भरून आले आणि मान ताठ झाली.

“चुकलं माझं,” ती म्हणाली. “विचारते. घालू?”

“नको.”

“बरं.”

रेश्मा उठली. कुडी तिनं डब्यात टाकली, झाकण लावलं आणि डबा साहेबांच्या हातात दिला. “ती नको म्हणतीय, साहेब. माझा पाठ संपला.”

रेवा मात्र तोंडावर हात दाबून बाहेर धावली. अंगणातल्या नळाशी वाकून तिला उलटी झाली. धैर्यशील तिच्यामागे धावला. रेश्मा दारात येऊन पोचली तेव्हा तो लेकीच्या मागे उभा होता, हात पुढे केलेला आणि तसाच अडलेला. नवऱ्याला इतकं अवघडलेलं तिनं लग्नातसुद्धा पाहिलं नव्हतं.

“रेवा,” तो म्हणाला, “पाठीवर हात ठेवू?”

रेवानं चूळ भरली. विचार केला. “ठेव.”

त्यानं हात ठेवला. दोघं तिथंच बसून राहिले, आणि तिचा श्वास हळूहळू खाली आला. कुडीला लागतो त्याहून पुष्कळ वेळ लागला. पण आला.

बर्वे बाई जाण्याआधी रेश्मापाशी थांबल्या. “मला हे मोजता आलं नव्हतं,” त्या म्हणाल्या. “खरं म्हणजे मी मोजायला गेलेच नव्हते.” रेश्मानं बाईंना चहा दिला.

पुढचं काही गोडीगुलाबीचं झालं नाही. आठवड्याभरात नोटीस आली. गुरुवारचा तास रेश्माकडून काढून पडद्यावरच्या रेकॉर्ड केलेल्या बाईंना दिला, आणि बदली कुठं करायची ते कळवू, असंही खाली लिहिलं होतं. गावात दोन तट पडले. काहींनी पोरांच्या कुड्या पिशवीत घालून शाळेच्या पायरीवर ठेवल्या. काहींनी ‘बाईला माज आलाय’ म्हणून रेश्माशी बोलणं सोडलं. आणि गुरुवारी रेकॉर्ड केलेल्या बाई बोलायला लागल्या, की विराज उठून पडद्याची पिन काढायचा. त्याला शिक्षा करायला कुणी मास्तर पुढे झाला नाही. “काढू का, म्हणून आधी सगळ्यांना विचारलं मी,” असं तो वर सांगायचा.

नोटीस आली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी रेवानं दप्तर खांद्याला लावलं आणि मोरीकडे धावली. धैर्यशील स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून रेश्माकडे बघत होता. कपाटात घरातली जुनी कुडी होती, वाटपाच्या वेळी जादा मिळालेली. दोघांनाही ते माहीत होतं, आणि दोघंही जागचे हलले नाहीत.

रेवा तोंड पुसत बाहेर आली. चेहरा उतरला होता, डोळे पाणावलेले.

“गोळा आहे?” रेश्मानं विचारलं.

“आहे.”

“मग? आज राहू दे शाळा?”

रेवानं चपला घातल्या. एक उलटी घातली होती, ती पाय आपटून नीट केली.

“आहे तर आहे,” ती म्हणाली. “माझाच आहे तो. चल, उशीर होतोय.”

आणि आईची वाट न बघता ती घराच्या फाटकाबाहेर पडली.